बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं!

बटाटा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण मुळात तो शब्द कुठला? तर कॅरिबियन बेटांवरचा. १४९२ ला कोलंबस तिथे पोचला तेव्हा टाइनो नावाचे लोक तिथे राहायचे, ते एक गोड कंद लावायचे आणि त्याला म्हणायचे बटाटा. हा कंद म्हणजे आपलं रताळं!

आज ज्याला आपण बटाटा म्हणतो तो तिथला नाहीच, तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा, आणि तिथल्या केचुआ भाषेत त्याला पापा म्हणतात. स्पॅनिश लोक १५३० नंतर पेरूत घुसले तेव्हा त्यांना हा दुसरा कंद कळला, पण युरोपात रताळं आणि त्याचं नाव आधीच पोचलं होतं, मग दोन्ही जमिनीतलेच म्हणून नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीजमध्ये तर बटाट्याने नावच बळकावलं आणि रताळ्याला 'गोड बटाटा' व्हावं लागलं. इंग्लिशमध्येही तेच. १५९७ साली जॉन जेरार्डने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात नुसतं 'पोटॅटो' म्हणजे रताळं आहे आणि आपल्या बटाट्याला तो 'व्हर्जिनियाचा पोटॅटो' म्हणतो.

गंमत म्हणजे या दोघांचं नातं फार लांबचं आहे. बटाटा वांगं, मिरची, टोमॅटोच्या कुळातला, तर रताळं नाल्याकाठी जांभळट फुलांनी भरलेल्या बेशरमचा अगदी जवळचा भाऊबंद. आणि बटाटा हे मूळ नाहीच, ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे! हातात घेऊन नीट बघा, डोळे कसेही विखुरलेले नसतात, फांदीवर पानं येतात तसे गोल फिरत जातात, प्रत्येक डोळ्याशी भुवईसारखी बारीक रेघ असते ती पानाची खूण आणि डोळा म्हणजे कोंब. उजेडात ठेवला की बटाटा हिरवा पडतो तोही खोडाचाच गुण, पण तेव्हा त्यात सोलॅनिन नावाचं विषही वाढलेलं असू शकतं, तो हिरवा भाग खाऊ नका. रताळं मात्र खरंखुरं मूळ, त्याला असे डोळे नसतात.

पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर होते म्हणून मराठी, कोंकणी, गुजरातीत हाच शब्द रुजला. उत्तरेकडचा 'आलू' हा शब्द बटाटा भारतात यायच्या कितीतरी आधीचा, संस्कृत 'आलुक' वरून आलेला, तो इथल्या जुन्या कंदांसाठी वापरायचे, म्हणजे तिकडेही बटाटा दुसऱ्याच्याच नावावर बसलाय.