डिझेल गाडीचा दुसरा ब्रेक

नारायणगाव-मंचरकडून भाजी भरून निघालेला पिकअप पहाटेच्या आत वाशी मार्केटला पोचवायचा, तर वाटेत सहसा बोरघाट उतरावा लागतो. या उतारावर ‘डिझेल वाचतं’ म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडणारे चालक आजही भेटतात. घाट संपल्यावर खोपोलीच्या बाजूला चाकांतून धूर येत असलेला एखादा ट्रक उभा दिसतो, जळक्या लायनरचा, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांचा, वास लांबूनच येतो आणि क्लीनर बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतत असतो. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर असं गार पाणी पडलं की तो तडकू शकतो, म्हणजे दुखण्यापेक्षा औषध भारी. मुळात ड्रम इतका तापू द्यायचाच नाही, हे डिझेल गाडीत इंजिनाच्या आणि ‘एक्झॉस्ट ब्रेक’ नावाच्या दुसऱ्या ब्रेकच्या मदतीने जमण्यासारखं आहे, आणि ते प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवं.

आधी उष्णतेचा हिशोब बघू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, तर खोपोली १०० मीटरच्याही खाली. मालासकट ३ टन वजनाची गाडी २० मीटरला १ मीटर अशा उतारावरून ताशी ४० किलोमीटरने येत असेल, तर गुरुत्वाकर्षण तिला जवळपास १६ किलोवॉट शक्तीने पुढे ढकलत असतं. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा त्यातले साधारण ५ किलोवॉट खातात. उरलेले ११ किलोवॉट कुठेतरी जिरायला हवेत, नाहीतर वेग वाढत जाणार. न्यूट्रलमध्ये ही सगळी शक्ती चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. घरातले २ किलोवॉटचे पाच गिझर, घाट उतरायला लागणारा पाव तास सलग चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता. १६ टनांच्या ट्रकसाठी हाच आकडा पाचपटीच्या वर जातो.

ब्रेक एवढे तापले की काय होतं? ड्रम फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. लायनरला बांधून ठेवणारं रेझिन जळून वायू सुटतो, पकड ढिली पडते. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या गाड्यांत तर आणखी एक धोका आहे. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, आणि मुंबईच्या दमट हवेत तर त्याला वाफेची कमी नाही. डॉट-३ प्रतीचं नवं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाखालचं पेडल थेट तळाला जातं. म्हणून ब्रेक ऑइल ठरल्या मुदतीत बदलण्यात हयगय नको.

गाडी गिअरमध्ये ठेवली तर इंजिन तिला धरतं, हे सगळेच जाणतात. पण इथे डिझेल इंजिनाची एक अडचण आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट जवळपास बंद होते, पिस्टनला निर्वाताविरुद्ध हवा ओढावी लागते आणि त्यात शक्ती खर्च होते. डिझेलमध्ये ही वाट सहसा उघडीच असते. पिस्टन भरपूर हवा घेतो, ती जोरात दाबतो, पण दाबलेली हवा लगेच पिस्टनला उलट ढकलून घेतलेली बहुतेक शक्ती परत देते. उरतं ते फक्त अंतर्गत घर्षण.

एक्झॉस्ट ब्रेक, चालकांच्या भाषेत ‘एक्झॉस’, ही उणीव भरून काढतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक गोल झडप बसवलेली असते. स्विच दाबला किंवा दांडी ओढली की ती जवळजवळ पूर्ण मिटते आणि डिझेल पुरवठा थांबतो. आता हवा बाहेर टाकताना पिस्टनला पाइपात तुंबलेल्या हवेविरुद्ध जोर लावावा लागतो. हा दाब ३ ते ४ बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण तीन-चार पट जातो. तो यापेक्षा फार वाढवता येत नाही, कारण मग सिलिंडरमधला धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हार मानतात आणि व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. झडपेचं माप ही मर्यादा धरूनच ठरवलेलं असतं, त्यामुळे ‘एक्झॉसने इंजिन बसतं’ ही मालकांची भीती निराधार आहे. इंजिनाला खरी इजा होते ती भरधाव गाडीत एकदम खालचा गिअर टाकल्याने. तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, लाल पट्ट्यात जाताना त्याला रोखणारं काही नसतं.

याच गरजेतून दुसरं एक यंत्र जन्माला आलं. पुण्यात ज्यांच्या नावाची इंजिनं बनतात ते क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियाच्या कॅहोन घाटात त्यांचे ब्रेक गेले आणि खाली रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीवर आदळता आदळता ट्रक वाचला. त्यांनी पुढे दाबलेली हवा ऐन क्षणी व्हॉल्व्ह उघडून सोडून देणारा इंजिन ब्रेक शोधला, म्हणजे हवेने शक्ती परत करायचा प्रश्नच मिटला. जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये तो बाजारात आणला. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये आता वेगळी झडपही लागत नाही. २००७ पासून रॅम पिकअपच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या टर्बोचीच वाट अरुंद करून हे काम होतं. आपल्याकडच्या छोट्या पिकअपमध्ये मात्र एक्झॉस्ट ब्रेक सहसा नसतो, तो मध्यम आणि मोठ्या ट्रकमध्ये असतो. पिकअपवाल्यांनी घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकला, तर वरच्या ११ किलोवॉटपैकी बराच भार इंजिन एकटं उचलतं.

आणि डिझेल? हल्लीच्या संगणक असलेल्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल फवारणारे इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला पैसेही घालवतो.

शहरात याचा उपयोग किती? सायनच्या कोंडीत, ताशी १० किलोमीटरच्या सरपटण्यात, जवळपास शून्य. आरपीएम कमी असला की पाइपात दाबच साचत नाही. पण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पुढचा सिग्नल लाल दिसतोय, फ्लायओव्हर उतरायचाय, टोलनाका जवळ येतोय, अशा वेळी लवकर पाय काढून एक्झॉस लावावा आणि शेवटच्या थोड्या अंतरासाठीच पायाचा ब्रेक वापरावा. लायनर जास्त टिकतात, आणि त्यांची झीज कमी म्हणजे रस्त्याकडेला चालणाऱ्यांच्या छातीत जाणारी ब्रेकची धूळही कमी. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं सुटी होतात, तेव्हा परिणाम संपतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय इथे घातक आहे.

पावसाळ्यात तारतम्य हवं. एक्झॉस्ट ब्रेक फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर काम करतो, म्हणजे बहुतेक ट्रकमध्ये मागच्या. माल उतरवून रिकामी परतणारी गाडी मागे हलकी असते, आणि ओल्या, तेलकट रस्त्यावर ही चाकं घसरू शकतात. अशा वेळी स्विच बंदच बरा. शिवाय काही गाड्यांत एक्झॉस लावल्यावर मागचा लाल दिवा लागत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला आपण वेग कमी करतोय हे कळावं म्हणून ब्रेक पेडलला हलका पाय लावून दिवा पेटवावा.

महिनोन्महिने न वापरलेली झडप काजळीने जाम होते. म्हणून मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर अधूनमधून वरच्या आरपीएमला स्विच दाबून बघावा. पाय काढल्यावर गाडी ठळकपणे मंदावली नाही, तर बोरघाट किंवा कसाऱ्याकडे निघण्याआधी मेकॅनिककडून झडप उघडून साफ करून घ्यावी.