केळ्याची नाडी किती?

केळ्याचा तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागलाय. स्मार्ट घड्याळ केळ्याला बांधलेलं, मागचा हिरवा दिवा लुकलुकतोय आणि पडद्यावर ठोके: ७८. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा विषय निघाल्यावर माणसं गप्प थोडीच बसणार! ‘केळाले बी काळीज शे भो,’ असं एक जण लिहितो, की लगेच दुसरा जगदीशचंद्र बोसांना मध्ये ओढतो. तिसरा म्हणतो, ही घड्याळं म्हणजे निव्वळ गंडवागंडवी. बोसांनी वनस्पती उद्दीपनाला प्रतिसाद देतात हे यंत्रावर दाखवलं होतं. तोडलेल्या केळ्याला नाडी असते, असं ते कुठे म्हणाले नाहीत. आणि गंडवागंडवी म्हणावी, तर तेही पुरतं खरं नाही.

घड्याळ करतं काय, ते आधी पाहू. मागच्या काचेतून हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, आत विखुरतो आणि त्यातला थोडा परत येतो. शेजारचा सेन्सर तो मोजतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढतं. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, म्हणून त्या क्षणी परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या पद्धतीचा पाया अल्रिक हर्ट्झमन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात घातला. अडचण आहे ती ‘किंचित’मध्ये. परत आलेला प्रकाश १०० मानला, तर ठोक्यामुळे होणारा चढउतार जेमतेम १-२, मनगटावर कित्येकदा त्याहूनही कमी.

एवढ्याशा चढउतारातून घड्याळाला ताल शोधायचा असतो. मिनिटाला साधारण ३० ते २२० या पट्ट्यात सगळ्यात ठळक ताल कोणता, हा त्याचा प्रश्न. केळ्यातूनही प्रकाश विखुरून परत येतोच, आणि सेन्सरमध्ये थोडी खरखर कायमच असते. कुठलीही खरखर अशा अरुंद पट्ट्यातून गाळली, की ती तालबद्ध दिसू लागते. चांगली घड्याळं अशा वेळी बहुधा ‘वाचन मिळत नाही’ म्हणतात; स्वस्तातली बऱ्याचदा बिनधास्त आकडा ठोकून देतात.

आता केळं सोडा, माणसाकडे या. जळगावात मेहरूण तलावाभोवती सकाळी झपाझप चालणारे लोक बघा. मिनिटाला ११० पावलं सहज पडतात. हाताची पूर्ण ये-जा त्याच्या निम्मी, म्हणजे ५५. दोन्ही आकडे बरोबर हृदयाच्याच पट्ट्यात बसतात! दर हिसक्याला घड्याळ कातडीवरून केसभर सरकतं, फटीतून ऊन आत शिरतं, शिरांमधलं रक्त हिंदकळतं. हा गोंधळ नाडीच्या तरंगापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. हिरवा प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे तांबड्या किंवा अवरक्त प्रकाशापेक्षा त्याला हा त्रास कमी; पण सुटका नाहीच. ठराविक वारंवारता छाटून टाकणारी साधी चाळणी इथे लावता येत नाही, कारण पावलं छाटायला गेलो तर ठोकेही जातात.

यावरचा तोडगा मला विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो. गोंधळ ओळखता येत नाही ना? मग गोंधळाचाच एक स्वतंत्र साक्षीदार उभा करा. घड्याळात त्वरणमापक असतो. त्याला रक्तातलं काही कळत नाही. हात कसा हलला, एवढंच तो सांगतो. बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ या अभियंत्यांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक शिकणारी चाळणी मांडली होती. साक्षीदाराच्या सांगण्यातलं किती वजा करायचं, हे ती स्वतःच हळूहळू शिकते. १९७५ मध्ये विड्रो आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने गर्भवतीच्या पोटावरच्या विद्युत संकेतातून आईचे ठोके वजा करून बाळाचे ठोके वेगळे काढून दाखवले. तिथे साक्षीदार होते आईच्या छातीवरचे इलेक्ट्रोड.

गणित हातानेच करून पाहू. समजा हिसक्यामुळे सेन्सरमध्ये येणारी भेसळ त्वरणाच्या तिप्पट आहे, पण हे ३ घड्याळाला माहीत नाही. म्हणून सुरुवातीला ते हा गुणक शून्य धरतं. पहिल्या क्षणी त्वरण २, सेन्सर ७ (आकडे सरासरीपासूनच्या चढउताराचे: भेसळ ६, नाडी १). वजा करायला काहीच नाही, उरले ७. नियम असा: उरलेली रक्कम गुणिले त्वरण, त्याचा छोटा अंश, समजा ०.०२, गुणकात मिळवा. ७ × २ × ०.०२ = ०.२८. पुढच्या क्षणी हात उलट गेला: त्वरण उणे २, सेन्सर उणे ५ (भेसळ उणे ६, नाडी १). आता ०.२८ च्या हिशेबाने उणे ०.५६ वजा झाले, उरले उणे ४.४४. पुन्हा तोच नियम, गुणक ०.४६. असा तो हळूहळू ३ कडे सरकतो. आता गंमत बघा: पहिल्या वेळी नाडीच्या १ ने गुणकाला ०.०४ ने वर ढकललं, दुसऱ्या वेळी ०.०४ ने खाली. हाताशी तिचा संबंध नसल्यामुळे तिचा परिणाम फिटून गेला. गुणक ३ वर पोचला, की वजाबाकीत उरते ती फक्त नाडी. प्रत्यक्षात तीन दिशांचं त्वरण आणि मागच्या अनेक क्षणांसाठी वेगवेगळे गुणक लागतात, कारण मांस हिसक्यानंतरही जरा वेळ डुलत राहतं. तत्त्व मात्र हेच.

ही चाळणी फसते ती दोन ठिकाणी. चालण्याची पावलं ११० आणि हृदयाचे ठोकेही ११० झाले, की नाडी हाताच्या तालातच चालू लागते. मग फिटंफाट होत नाही आणि भेसळीबरोबर नाडीही वजा होते. दुसरं ठिकाण आपल्या बांधावरचं. केळीचा घड खांद्यावर घेऊन चालणारा मजूर तो मुठीने घट्ट धरतो. मनगटातले स्नायुबंध ताणले जातात, रक्त दाबलं जातं, पण हात जागच्या जागी. त्वरणमापकाला यातलं काहीच दिसत नाही. २०१५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने विद्यार्थ्यांसाठी याच विषयावर स्पर्धा घेतली होती, पण त्यासाठीची जी मोजमापं गाजली ती ट्रेडमिलवर धावणाऱ्यांची. घड वाहणाऱ्यांसाठी छातीवरचा पट्टा बरा. तो प्रकाशाऐवजी हृदयाची विद्युत स्पंदनं पकडतो.

वजाबाकी झाल्यावरही घड्याळ मागचा आकडा ध्यानात ठेवतं, कारण हृदय सेकंदात ९० वरून १५० वर जात नाही. म्हणूनच एकदा पावलांचा ताल पकडला, की तोच धरून बसतं.

जाता जाता, बाजारात याच हिरव्या दिव्यावर ‘रक्तातली साखर’ दाखवणारी घड्याळंही मिळतात. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिन ठरवणं जिवावर बेतू शकतं.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधा; रुतेल इतकं नको. चालताना आकडा संशयास्पद वाटला, तर मिनिटभर पावलं संथ करा. आकडा पावलांबरोबर टुणकन खाली आला, तर तो पावलांचाच होता. हृदय उतरायला वेळ घेतं. तरीही खात्री नसेल, तर थांबल्याबरोबर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा.