छंदगटाची नोंदणी आणि वेबसाइट: कोण पात्र, कोणती कागदपत्रं, अर्ज कुठे?

आमच्या पक्षीनिरीक्षण गटाची वेबसाइट एका सोमवारी सकाळी उघडेना. अकरा वर्षांच्या नोंदी, भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे फोटो, दर हिवाळ्यातली मोजणी, सगळं तिथेच होतं. चौकशी केल्यावर कळलं की डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या इंटरनेटवरच्या नावाची, मुदत संपली होती. नूतनीकरणाच्या सूचना एका जुन्या सभासदाच्या ऑफिसच्या ईमेलवर जात होत्या आणि त्यांना ती नोकरी सोडून तीन वर्षं झाली होती. पुढे ते नाव दुसऱ्याच कुणी तरी घेतलं. फोटो एकेकाच्या हार्ड डिस्कवरून परत जमवले, पण मोजणीची चार वर्षं कायमची गेली.

चूक त्या सभासदाची नव्हती. गटाला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं, म्हणून डोमेन कुणा एकाच्या नावावर घ्यावं लागलं होतं. ट्रेकिंग, नाणेसंग्रह, आकाशदर्शन, किल्ल्यांची नकाशेनोंद असे गट चालवणाऱ्यांनी आधी संस्था नोंदवावी आणि मग संस्थेच्या नावाने वेबसाइट घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

महाराष्ट्रात अशा गटासाठी दोन कायदे लागू होतात: संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातच होतात. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. ते सज्ञान असावेत, आणि सगळे एकाच घरातले नसलेले बरे.

छंदाला धर्मादाय कार्यालय कसं मान्यता देईल, ही शंका आम्हालाही होती. 1950 च्या कायद्याचं कलम 9 वाचलं आणि ती फिटली. शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्या बरोबरीने फावल्या वेळातल्या करमणुकीच्या सोयीही तिथे धर्मादाय हेतूंमध्ये धरल्या आहेत. अट एवढीच की त्या समाजकल्याणासाठी आणि लोकहितासाठी असाव्यात. म्हणजे आठ मित्र दर रविवारी आपापसांत फिरायला जात असतील तर तो हेतू सार्वजनिक ठरत नाही. तोच गट शाळांमध्ये पक्षी ओळखायला शिकवतो, नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवतो, कुणालाही सभासद करून घेतो, तर ठरतो. उद्देश लिहिताना हे नेमक्या शब्दांत यायला हवं. ‘निसर्गाची आवड जोपासणे’ एवढ्यावर आमची फाइल परत आली होती. ‘परिसरातील पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे, त्या सर्वांना विनामूल्य उपलब्ध करणे आणि विद्यार्थ्यांसाठी निरीक्षण शिबिरे घेणे’ असं लिहिल्यावर पुढे सरकली.

कागदपत्रांत मुख्य दोन. विधानपत्र, म्हणजे संस्थेचं नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी. आणि नियमावली: सभासद कसं व्हायचं, वर्गणी, निवडणूक, सभेची गणपूर्ती, हिशेब कोण ठेवणार. यांच्या जोडीला पहिल्या सभेचा ठराव, प्रत्येकाचं संमतीपत्र, अर्ज करणाऱ्याच्या नावाने अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे ओळखीचे पुरावे आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा. जागा कुणाच्या घरातली असेल तर घरमालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. नाव ठरवताना सरकारशी संबंध असल्याचा भास होईल असे शब्द टाळा. 1950 चाच बोधचिन्हे आणि नावांबाबतचा कायदा तिथे आड येतो.

एक गोष्ट जपून करा. आधारवरचं नाव, विधानपत्रातलं नाव आणि सही यांचा मेळ बसतो का, हे सातही जणांना एका टेबलाभोवती बसवून पाहा. आमच्या एका काकूंचं नाव आधारवर माहेरचं होतं आणि विधानपत्रात सासरचं. तेवढ्यासाठी सगळा संच नव्याने टाइप करून सात सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या.

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा आणि कागद कार्यालयात द्यायचे. आधी 1860 च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर 1950 च्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे तीन महिन्यांच्या आत विश्वस्त नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पहिलं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि दुसरा अर्ज राहून जातो, असे गट मी पाहिले आहेत. ही मुदत कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून ठेवा.

मग संस्थेचं पॅन आणि दोन सह्यांचं बँक खाते. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडे वेगळा अर्ज लागतो. धर्मादाय नोंदणीने ती आपोआप मिळत नाही.

आता वेबसाइट. डोमेन म्हणजे पाटी आणि होस्टिंग म्हणजे जागा; दोन्हींचं भाडं वेगळं, आणि ते एकाच दुकानातून घ्यायलाच हवं असं नाही. पाटी जपा, जागा कधीही बदलता येते. डॉट इन ही नावं 2005 पासून सर्वांना खुली आहेत. ना-नफा संस्थेला डॉट ओआरजी डॉट इन शोभतं. 2014 पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं आणि मराठी संस्थेने ते जरूर घ्यावं. पण देवनागरी पत्त्यावरची ईमेल सगळीकडे नीट पोहोचत नाही, म्हणून पत्रव्यवहारासाठी रोमन पत्ताही ठेवा. अर्जात धारक म्हणून संस्थेचं नाव घाला. पडताळणीला नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि ठराव हाताशी ठेवा. पैसे संस्थेच्या खात्यातून भरा. एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की सूचनाही बंद.

सभासदांना एकत्र पत्रं पाठवायला गूगल ग्रुप्ससारखी मोफत सोय छोट्या गटाला पुरते. स्वतःच्या डोमेनवरून पाठवणार असाल तर होस्टिंगवाल्याकडून एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी करून घ्या; पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलं आहे हे त्यांवरून पडताळता येतं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले आहेत. या नोंदी नसतील तर सहलीची पत्रं थेट स्पॅममध्ये जातात. प्रत्येक सभासदाची लेखी संमती घेऊनच त्याचा पत्ता यादीत घाला, आणि नाव काढायला सांगितलं की लगेच काढा.

दरवर्षी 31 मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. हे ओझं झेपणार नसेल, वर्गणी चहापुरतीच जमत असेल, तर नोंदणीच्या मागे लागू नका. निदान डोमेन गटासाठी घेतलं आहे असं एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा.

नोंदणी केलेल्यांनी कार्यवाह किंवा विश्वस्त बदलला की 1950 च्या कायद्याच्या कलम 22 खाली नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही त्याच ठरावात आणखी एक ओळ घालतो: डोमेन, होस्टिंग आणि पत्रयादीचा ताबा नव्या कार्यवाहांकडे दिला. सभा उठायच्या आधी लॅपटॉप उघडून पासवर्ड बदलतो, नवा संपर्क टाकतो, आणि मोजणीच्या नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून खजिनदारांच्या हातात देतो.