इंटरनेटची सवय आणि इंटरनेटचे व्यसन

‘फोन हातातून सुटत नाही’ ही तक्रार दोन अगदी वेगळ्या माणसांबद्दल केली जाते आणि बहुतेक वेळा एकाच सुरात केली जाते. एकाला फोन हातात घेण्याची सवय जडलेली असते. दुसरा त्याच्या आहारी गेलेला असतो. पाहणाऱ्याला दोघांच्याही माना सारख्याच खाली झुकलेल्या दिसतात, त्यामुळे ही गल्लत होणे साहजिक आहे. मात्र पहिल्याला उपयोगी पडणारे उपाय दुसऱ्याला पुरत नाहीत आणि दुसऱ्याला लागणारे उपचार पहिल्यावर लादले, तर घरात विनाकारण भांडणे होतात.

सवय म्हणजे विचार न करता घडणारी कृती. रांगेत उभे राहावे लागले, जाहिरात सुरू झाली, समोरचा माणूस बोलताना क्षणभर थांबला, की हात आपोआप खिशाकडे जातो. किती वाजले हे पाहण्यासाठी फोन काढावा, तीन संदेश वाचावेत, फोन परत खिशात ठेवावा आणि मग लक्षात यावे की वेळ पाहायची राहूनच गेली, हा अनुभव बहुतेकांना असेल. मी एकदा बातम्यांचे अ‍ॅप नेहमीच्या जागेवरून हलवले आणि तिथे कॅल्क्युलेटर ठेवला. पुढचे चार-पाच दिवस माझा अंगठा दिवसातून कितीतरी वेळा तो कॅल्क्युलेटर उघडत राहिला आणि पडद्यावरचे शून्य पाहून मला दर वेळी ओशाळल्यासारखे झाले. आठवडा संपता संपता अंगठा तिकडे जाईनासा झाला. मला बातम्यांची तल्लफ नव्हती. अंगठ्याला जागा पाठ झाली होती, एवढेच.

व्यसनात नेमकी ही तल्लफ असते. तिथे जागा बदलून भागत नाही, कारण माणूस ती वस्तू शोधून काढतो. मार्क ग्रिफिथ्स या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये कोणत्याही वर्तनाच्या व्यसनाचे सहा घटक मांडले: त्या गोष्टीने मनाचा ताबा घेणे, मनःस्थिती पालटण्यासाठी तिचा आधार घेणे, पूर्वीच्या प्रमाणात न भागणे, ती मिळाली नाही की अस्वस्थ किंवा चिडचिडे होणे, तिच्यापायी स्वतःशी आणि इतरांशी संघर्ष होणे, आणि सोडल्यानंतर पुन्हा तिच्याकडे वळणे. ही यादी उपयुक्त असली तरी तिच्यातल्या सर्व घटकांना सारखेच वजन देता येत नाही. एखाद्या नव्या खेळाने भारावलेला मुलगा दिवसभर त्याचाच विचार करतो आणि त्याला तो खेळ अधिकाधिक खेळावासा वाटतो. नाटकाच्या तालमीत रमलेल्या मुलाचेही तसेच होते. चार्ल्टन आणि डॅनफर्थ या संशोधकांनी २००७ मध्ये ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांचा अभ्यास करून हाच मुद्दा पुढे आणला. सतत विचार येणे, मात्रा वाढत जाणे आणि खेळताना हुरूप वाटणे या गोष्टी निव्वळ उत्कट आवड असलेल्यांमध्येही आढळतात. संघर्ष, बंद केल्यावरची तगमग आणि पुन्हा पुन्हा घसरणे या खुणा मात्र व्यसनाकडे अधिक ठामपणे बोट दाखवतात. माझ्या मते घरातल्या माणसांनी या शेवटच्या तीन खुणांकडेच सर्वाधिक लक्ष द्यावे.

‘इंटरनेटचे व्यसन’ या नावाचा जन्मही गमतीशीर आहे. आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९९५ मध्ये अशा एका विकाराची लक्षणे लिहिली ती थट्टा म्हणून. मनोविकारांच्या निदानपुस्तिकेच्या शैलीचे ते विडंबन होते. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी हा विषय गांभीर्याने मांडला. जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी आठ प्रश्नांची चाचणी तयार केली आणि त्यांपैकी पाच प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर आल्यास व्यसन मानावे, असे सुचवले. त्यानंतरच्या काळात वैद्यकशास्त्राने मात्र सावध पावले टाकली. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत इंटरनेट गेमिंगच्या विकाराला ‘अधिक अभ्यास आवश्यक’ अशा विभागात जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगचा विकार अधिकृतपणे आला. सर्वसाधारण ‘इंटरनेटचे व्यसन’ मात्र स्वतंत्र आजार म्हणून त्यात नाही. याचा अर्थ समाजमाध्यमांवर किंवा व्हिडिओंमध्ये अडकलेल्या माणसाचा त्रास खोटा आहे असा होत नाही. व्यसन हा शब्द ऊठसूट वापरू नये, इतका बोध मात्र त्यातून घ्यायला हरकत नाही.

गेमिंगच्या विकाराचे निकष इथे मोजपट्टीसारखे वापरता येतात. खेळावरचा ताबा सुटलेला असणे, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. आणि या सर्वांमुळे घर, शिक्षण, काम यांपैकी कशाची तरी लक्षणीय हानी होणे, तेही सहसा किमान बारा महिने. या निकषांत तासांचा आकडा कुठेच नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

तरीही सामान्यतः चर्चा तासांचीच होते, कारण फोन स्वतःच रोजचा हिशेब दाखवतो आणि आकडा हाताशी असला की तो वापरण्याचा मोह होतो. उपशीर्षके तयार करणारी एखादी व्यक्ती रोज दहा तास ऑनलाइन असू शकते. काम संपले की ती संगणक बंद करते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला त्याची आठवणही येत नाही. याउलट एखादा विद्यार्थी रात्री तीनच तास खेळतो, पण ते झोपेचे तास असतात. सकाळी तो वर्गाला जात नाही, चुकलेल्या परीक्षेबद्दल घरी खोटे सांगतो आणि तरीही रात्र होण्याची वाट पाहतो. काळजी या तीन तासांची करायला हवी. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद ठेवणारा कायदा केला आणि सुमारे दहा वर्षांनी तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. घड्याळ लावून सर्वांना एकाच मापाने मोजणारा नियम ताबा सुटलेल्या मुलाला आणि आवडीने खेळणाऱ्या मुलाला वेगळे ओळखू शकत नाही.

गल्लत होण्याचे आणखी एक कारण अ‍ॅपच्या रचनेत आहे. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांतून फार पूर्वीच दिसले होते. पडदा खाली ओढून नवे काही आले का हे पाहणे त्याच जातीचे आहे. दहा वेळा काही नसते, अकराव्या वेळी असते. न संपणारी यादी थांबण्याची नैसर्गिक जागाच काढून टाकते. ही रचना जवळजवळ सर्वांना सवय लावते. व्यसन मात्र थोड्यांनाच जडते आणि अनेकदा त्यांच्या बाबतीत आधीपासून काही तरी दुखत असते: नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती, लक्ष एकाग्र न होण्याचा विकार, घरातला ताण किंवा नुसते एकटेपण. ज्याला वर्गात कोणी विचारत नाही, त्याला खेळातल्या गटात सेनापतीचा मान मिळत असेल, तर त्याच्याकडून फोन काढून घेणे म्हणजे त्याचा एकमेव मान काढून घेणे होय.

स्वतःपुरता फरक ओळखण्यासाठी एक साधा प्रयोग करता येतो. जी गोष्ट सुटत नाही असे वाटते, तिच्यासाठी दोन आठवड्यांचा एक स्पष्ट नियम ठरवावा, उदाहरणार्थ रात्री दहानंतर व्हिडिओ नाहीत. नियम मोडला जाईलच; तो कसा मोडतो ते पाहावे. सवय असलेला माणूस विसरतो, मध्येच भानावर येतो आणि फोन ठेवून देतो. व्यसनात विसरणे क्वचितच असते. तिथे नियम मोडण्याआधी मनात घासाघीस चालते, ‘आजचा दिवस वेगळा’ असे कारण सापडते, दार लोटले जाते, पडद्याचा उजेड कमी केला जातो आणि विचारल्यावर संताप येतो. या लपवाछपवीकडे फार कमी लोक लक्ष देतात. अर्थात हे निदान नव्हे. निदान तज्ज्ञानेच करायचे असते.

सवयीसाठी व्यवस्था बदलणे बहुधा पुरते: नोटिफिकेशन बंद करणे, दर वेळी लॉगआउट करणे, चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे आणि गजरासाठी साधे घड्याळ आणणे. व्यसन असलेला माणूस हे सर्व उपाय मनापासून करतो आणि चौथ्या दिवशी स्वतःच उलटवतो, त्यामुळे त्याच्या पदरी अपयशाची आणखी एक नोंद पडते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत लागते. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत तल्लफ येण्याच्या आधीची पाच मिनिटे तपासली जातात: कुठे होतो, काय घडले, मनात कोणते वाक्य आले. मूळ नैराश्य किंवा भीती असेल तर तिच्यावरही उपचार करावे लागतात, नाही तर एक खेळ सुटतो आणि त्याची जागा दुसरे काही तरी घेते.

दारू कायमची वर्ज्य करता येते, तसे इंटरनेट करता येत नाही. अभ्यास, नोकरी, बँक सारे त्यावरच असते. म्हणून जो खेळ किंवा जे अ‍ॅप सुटत नाही ते पूर्ण बंद आणि बाकीचा वापर ठरवलेल्या कामापुरता, अशी विभागणी उपचारात अनेकदा केली जाते. पालकांनी अचानक वायर ओढून टाकण्यापेक्षा ही विभागणी मुलाबरोबर बसून ठरवावी आणि रिकाम्या होणाऱ्या तासांत काय करायचे हेही त्याच वेळी ठरवावे. काही आठवड्यांनी तो पुन्हा रात्री खेळताना सापडला, तर ‘सगळे वाया गेले’ असे म्हणण्याआधी मधल्या किती रात्री तो झोपला होता, हे त्याला विचारावे.