प्रतिसर्पविष निर्मितीतील घोडे

विषारी सर्पदंशावरचे खात्रीचे औषध एकच, ते म्हणजे प्रतिसर्पविष. बोलीभाषेत त्याला सर्पदंशाची लस म्हणतात. हे औषध आजही प्रामुख्याने घोड्याच्या रक्तातून काढले जाते. घोडा, तट्टू किंवा खेचर यांना सापाच्या विषाच्या वाढत्या मात्रा टोचतात. त्यांच्या शरीरात विष निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली की रक्त काढून त्यातला रक्तद्रव शुद्ध करतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी होती. म्हणूनच प्राण्यांच्या वापराविषयीच्या वादात हे उदाहरण अवघड ठरते. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करायला भारताने २०१४ मध्ये बंदी घातली, तेव्हा कोणाचा जीव धोक्यात आला नाही. उद्या घोड्यांच्या पागा बंद केल्या तर ग्रामीण रुग्णालयातला औषधाचा कप्पा रिकामा होईल.

एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये रक्तरसातून रोगप्रतिकार एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे देता येतो हे दाखवले. तेच तत्त्व १८९४ च्या सुमारास आल्बेर काल्मेत, तसेच फिजालिक्स व बर्त्राँ यांनी सर्पविषाला लावले. घोडा निवडला गेला तो सोयीसाठी: अंगात रक्त भरपूर, स्वभाव माणसाळलेला, सांभाळायची रीत सर्वांना ठाऊक. या घोड्यांची नावे इतिहासात सहसा उरत नाहीत. अपवाद अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या जिमचा. पूर्वी दुधाची गाडी ओढणाऱ्या या घोड्याला १९०१ मध्ये धनुर्वात झाला. त्याच्या रक्तरसापासून केलेले घटसर्पावरचे औषध तरीही वापरले गेले आणि १३ मुले दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जैविक औषधांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. त्या कायद्यात काळजी होती ती औषध घेणाऱ्याची. देणाऱ्या जनावराकडे लक्ष जायला आणखी अनेक दशके लागली.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी जुना संबंध आहे. मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, तिला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. तिच्यातूनच पुढे निघालेल्या औषधनिर्मिती महामंडळाची घोड्यांची पागा पिंपरीला आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावलाही प्रतिसर्पविष तयार होते. भारतीय औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर मिळून चालते.

घोड्याला नेमके काय सोसावे लागते? विष थेट टोचले तर जनावर मरेल, म्हणून सुरुवात अगदी थोड्या मात्रेने होते. प्रतिकारशक्ती चेतवणारे सहायक द्रव्य त्यात मिसळतात. या द्रव्यामुळे आणि विषामुळे टोचल्या जागी सूज येते, गाठी होतात, कधी गळू होऊन चिघळते. जागा नीट निर्जंतुक केली, मात्रा अनेक ठिकाणी थोडी थोडी विभागली, की हा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणजे त्याचा मोठा भाग अटळ नसून हलगर्जीपणाचा असतो. रक्त मानेच्या शिरेतून काढतात. वारंवार आणि वजनाच्या मानाने जास्त काढले तर पंडुरोग होतो, रक्तातली प्रथिने घटतात. तांबड्या पेशी वेगळ्या करून त्याच घोड्याच्या अंगात परत सोडणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण त्याला यंत्रे, स्वच्छता आणि प्रशिक्षित माणसे लागतात. वर्षानुवर्षे टोचून घेणाऱ्या घोड्यांच्या यकृतात विशिष्ट प्रथिन साचत जाऊन यकृत फाटण्याची उदाहरणे पशुवैद्यकात जुनी आहेत.

घोड्यांविषयी निदान बोलले तरी जाते. औषधाची प्रत्येक खेप तपासताना उंदरांना विष आणि औषध एकत्र टोचून किती जगतात हे मोजतात, आणि ही चाचणी वेदनेच्या दृष्टीने पागेतल्या कोणत्याही कामापेक्षा कठोर आहे. प्रयोगशाळेतल्या पर्यायी चाचण्यांनी उंदरांची संख्या कमी करता येते. पूर्णपणे टाळता मात्र आलेली नाही.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकानंतर १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. तो प्रयोगांना बंदी करत नाही, मात्र त्यांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद करतो. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती हवी, हे बंधन १९९८ च्या नियमांनी आले. जगभर मान्य असलेली चौकट १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या कमी करा, यातना कमी करा. भारताने त्यात पुनर्वसन ही चौथी बाब जोडली. काम संपलेल्या जनावराला वाऱ्यावर सोडायचे नाही, हा तिचा अर्थ. पांजरपोळांची परंपरा असलेल्या देशात ही भर पडावी हे स्वाभाविकच; पण म्हाताऱ्या घोड्याचा चारा आणि औषधपाणी यांचा खर्च औषधाच्या किमतीत धरला जातो का, हा प्रश्न नीतिसमितीपेक्षा सरकारी खरेदीच्या निविदेला विचारायला हवा.

औषध चांगले करणे आणि घोड्यांचा भार हलका करणे या दोन्ही गोष्टी इथे एकाच दिशेने जातात, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. कुपीतल्या प्रतिपिंडांपैकी साधारण १० ते २० टक्केच सर्पविषाला बांधतात. बाकीची घोड्याने आयुष्यात तोंड दिलेल्या इतर जंतूंविरुद्धची असतात. रुग्णाला सुरुवातीलाच अनेकदा ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. त्यात भारतातल्या औषधासाठीचे विष मुख्यतः तामिळनाडूतून येते. तिथे इरुळा समाजाची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था साप पकडून, विष काढून, त्यांना पुन्हा सोडून देते. एकाच जातीच्या सापाचे विष मात्र प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे दूरच्या राज्यात तेच औषध कमी पडते आणि कुप्या वाढतात. त्या त्या भागातल्या सापांचे विष वापरले, शुद्धीकरण सुधारले, तर तेवढ्याच रुग्णांसाठी कमी रक्त पुरेल.

घोड्याविना औषध करण्याचे प्रयत्न आता आशादायक टप्प्यावर आहेत. नाग आणि मण्यार यांच्या कुळातल्या सापांच्या एका प्रमुख विषगटावर चालणारे मानवी प्रतिपिंड २०२४ मध्ये अमेरिकी व भारतीय संशोधकांनी मांडले. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२५ मध्ये आफ्रिकेतल्या त्याच कुळातल्या १८ सापांसाठी सूक्ष्म प्रतिपिंडांचे मिश्रण तयार केले. त्यासाठीही एका अल्पाकाला आणि एका लामाला विष टोचावे लागले, मात्र पुढचे उत्पादन जिवाणूंत करता येते. घोणस आणि फुरसे यांचे विष वेगळ्या घडणीचे आहे. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, ऊती नासतात, आणि त्यातली विकरे पुष्कळ व भिन्न असल्याने थोड्या प्रतिपिंडांत ती आवरत नाहीत. कोकणात फुरसे चावलेल्या माणसाला आज जी कुपी दिली जाते ती घोड्याच्याच रक्तातली आहे.