सेवा सगळ्यांची, पण सेवेकरी कोण?

कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे या छोट्या शहरातल्या रोटरी क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं. सभासदसंख्या रोडावत चालली होती, गावात काम करणाऱ्या कर्तबगार स्त्रिया होत्या, तेव्हा क्लबला यात काही वावगं वाटलं नाही. मुख्य संस्थेला मात्र वाटलं. रोटरी इंटरनॅशनलच्या घटनेनुसार सभासदत्व फक्त पुरुषांना होतं, आणि मार्च १९७८ मध्ये डुआर्टेची सनद काढून घेण्यात आली. क्लबने स्वतःला ‘एक्स-रोटरी क्लब’ म्हणवून घेत काम चालू ठेवलं आणि दोन स्त्री सभासदांसह न्यायालयात धाव घेतली.

स्वयंसेवी संस्थांच्या धोरणांत आज ‘विविधता’ आणि ‘सर्वसमावेशकता’ हे शब्द सर्रास दिसतात. ते आले कुठून, हे समजून घ्यायचं तर डुआर्टेपासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं, कारण या इतिहासातली मूळ गाठ तिथे स्पष्ट दिसते. सेवा कोणाची करायची, या प्रश्नावर बहुतेक संस्थांनी पहिल्यापासून उदार उत्तर दिलं होतं. सेवा कोणी करायची, हा प्रश्न त्यांनी फार उशिरा विचारायला घेतला.

रोटरीचीच गोष्ट पाहा. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी क्लब काढला, तेव्हा प्रत्येक व्यवसायातला एकेक माणूस घ्यायचा, अशी कल्पना होती. हेतू असा की क्लबमध्ये सगळ्या गावाचं प्रतिबिंब पडावं. म्हणजे विविधतेचं तत्त्व संस्थेच्या पायातच होतं, फक्त ते व्यवसायांपुरतं होतं. स्त्रिया सभांना येऊ शकत, भाषणं करू शकत, पुरस्कार घेऊ शकत. सभासदांच्या घरातल्या स्त्रियांना स्वतःची वेगळी मंडळं काढता येत आणि रोटरीचा बिल्लाही लावता येई. सभासद तेवढं होता येत नसे.

दार बंद पाहून काही जणींनी आपलं घर वेगळं बांधलं. १९१९ मध्ये बफेलोत झोंटा, १९२१ मध्ये ओकलंडमध्ये सोरॉप्टिमिस्ट अशा व्यावसायिक स्त्रियांच्या सेवासंस्था उभ्या राहिल्या आणि आजही त्या जगभर काम करत आहेत. इंग्लंडमध्ये १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मुलांच्या स्काउट मेळाव्याला मुली स्वतःहून स्काउट म्हणून हजर झाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी गर्ल गाइड्स ही निराळी संघटना निघाली. या वेगळ्या घरांनी नेतृत्व घडवलं, हे खरंच. पण मूळ घराचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

रेड क्रॉसच्या इतिहासात हा प्रश्न लिंगभेदापलीकडे जातो. इटलीतल्या सॉल्फेरिनोच्या १८५९ च्या रणभूमीवर जखमींमध्ये आपला-परका करायचा नाही, या अनुभवातून ही चळवळ जन्मली. तरीही अमेरिकन रेड क्रॉसने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आधी कृष्णवर्णीयांचं रक्त नाकारलं आणि जानेवारी १९४२ पासून घेतलं ते वेगळं ठेवून. शास्त्रीय आधार याला काडीचाही नव्हता. वेदना देणारी गोष्ट अशी की त्याच संस्थेचा १९४१ चा पथदर्शी रक्तपेढी प्रकल्प चार्ल्स ड्रू या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकाने चालवला होता. रक्ताची ही विभागणी १९५० मध्ये थांबली. पुढे १९६५ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने सात मूलभूत तत्त्वं जाहीर केली. त्यात निःपक्षपातासोबत ‘एकता’ हे तत्त्व आहे: देशात एकच राष्ट्रीय संस्था असावी आणि ती सर्वांना खुली असावी. मदत देताना भेद नको, हे एक तत्त्व झालं. मदत करणाऱ्यांतही भेद नको, हे दुसरं. दोन्ही स्वतंत्रपणे लिहावी लागली, यातच बरंच काही आलं.

उलट उदाहरणही आहे. १९२० मध्ये स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात श्रमदानाचं शिबिर भरवलं आणि त्यात कालच्या शत्रुपक्षातले जर्मन स्वयंसेवकही घेतले. पडलेली घरं उभी करण्याइतकंच ती कोणाच्या हातांनी उभी राहतात, याला तिथे मोल होतं. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना पुढे वाढली.

बदलाची मागणी संस्थांच्या आतूनही होत होती, आणि ती मुख्य कार्यालयापासून दूर असलेल्या क्लबांकडून येत होती. ‘पुरुष’ हा शब्द घटनेतून काढावा, असा ठराव रोटरीपुढे १९५० मध्येच एका भारतीय क्लबने मांडला होता. १९६४ मध्ये सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, एका क्लबने स्त्रियांना प्रवेश द्यावा असं सुचवलं. प्रतिनिधींनी तो ठराव मागे घ्यायला लावला. वेगळ्या संस्कृतींच्या देशांत काम करायचं तर सभासद पुरुषच हवेत, असा युक्तिवाद नंतर न्यायालयात झाला, तेव्हा हे दोन ठराव आठवायला हवे होते.

निर्णायक धक्का कायद्याने दिला. अमेरिकेतल्या जेसीज या तरुणांच्या संघटनेच्या मिनेसोटातल्या दोन शाखांनी स्त्रियांना पूर्ण सभासद केलं होतं. त्यावरून मुख्य संस्थेशी झालेल्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. मग ४ मे १९८७ रोजी डुआर्टेचा निकाल ७-० असा लागला. न्यायालयाने संस्थेचंच तत्त्व तिच्यापुढे धरलं: समाजातल्या आघाडीच्या स्त्रियांना घेतलं, तर क्लब गावाचं अधिक खरं प्रतिनिधित्व करतील आणि त्यांची सेवेची ताकद वाढेल. त्याच वर्षी डुआर्टे क्लबच्या अध्यक्षपदी सिल्व्हिया व्हिटलॉक आल्या. त्याच उन्हाळ्यात लायन्स आणि किवानिस या रोटरीसारख्याच सेवासंस्थांनीही आपापले नियम बदलले. रोटरीने जगभरासाठी घटना बदलली ती १९८९ मध्ये.

घटनेतला शब्द गेल्यावर काम झालं, असं अनेकांना तेव्हा वाटलं असेल. पण अशा संस्थांत माणूस अर्ज भरून सहसा येत नाही, त्याला कोणीतरी बोलावतं. बोलावणारा आपल्या ओळखीतल्यांना बोलावतो, आणि ओळखी बहुधा आपल्यासारख्यांच्याच असतात. वर्गणी, कामाच्या वेळेत होणारी सभा, जिना चढून जायचं सभागृह, एकाच भाषेत चालणारं कामकाज, नव्या माणसाला वर्षानुवर्षं दिलं जाणारं चहापाण्याचं काम: यातलं काहीच कोणाला नावानिशी वगळत नाही, पण वगळलं जातंच. म्हणून २०१९ मध्ये रोटरीच्या संचालक मंडळाने विविधता, समता आणि समावेशनाचं निवेदन स्वीकारलं, तेव्हा विषय प्रवेशाच्या नियमाचा राहिला नव्हता. आत आलेल्या माणसाला तिथे कसं वागवलं जातं, हा होता.

पदांच्या पायऱ्या पाहिल्या की हे अंतर मोजता येतं. प्रांतपाल, म्हणजे एका विभागातल्या क्लबांचा प्रमुख, व्हायला काही वर्षांचं सभासदत्व लागतं, त्यापुढे संचालकपद, त्यापुढे अध्यक्षपद. रोटरीत पहिल्या आठ स्त्री प्रांतपाल १९९५ मध्ये झाल्या, पहिली स्त्री संचालक २००८ मध्ये. लायन्सच्या पहिल्या स्त्री आंतरराष्ट्रीय अध्यक्ष, आइसलंडच्या गुडरुन इंग्वादोत्तिर, २०१८ मध्ये आल्या. रोटरीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, १ जुलै २०२२ रोजी. घटना बदलल्याला तोवर ३३ वर्षं झाली होती आणि भारतातल्या त्या क्लबच्या ठरावाला ७२.