मॉड्यूलचं नाव बदललं, आता डॉक्युमेंटेशनचं काय?

प्रोग्रामिंग भाषेबरोबर तयार कोडचा मोठा साठा मिळतो. ती स्टँडर्ड लायब्ररी, आणि तिचा एकेक भाग म्हणजे मॉड्यूल. हवं ते मॉड्यूल प्रोग्रामर नावाने मागवतो. नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं; कॅपिटलच्या जागी स्मॉल अक्षर पडलं तरी प्रोग्राम तिथेच अडतो.

डिसेंबर 2008 मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेची 3.0 ही आवृत्ती आली तेव्हा अशी बरीच नावं बदलली. मॉड्यूलचं नाव स्मॉल अक्षरांत असावं हा संकेत, पण काही जुनी नावं तो पाळत नव्हती. कामं रांगेत लावणाऱ्या 'क्यू' मॉड्यूलचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, ते स्मॉल झालं. कोडमधले असे बदल करायला 'टू-टू-थ्री' नावाचं टूल होतं.

डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे मॉड्यूल कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पानांचं, काम मात्र इतकं सरळ नसतं. वाटतं, जुनं नाव शोधायचं, नवं टाकायचं, झालं. पण 'क्यू' मॉड्यूलच्या आत 'क्यू' नावाचाच एक क्लास (वस्तू बनवण्याचा कोडमधला साचा) आहे आणि त्याचं पहिलं अक्षर आजही कॅपिटलच आहे. सरसकट बदल केला की क्लासचं नावही बिघडतं, आणि ते उदाहरण जसंच्या तसं उचलणाऱ्या नवशिक्याच्या पदरी एरर पडते. म्हणून प्रत्येक उल्लेख माणसानेच वाचायला हवा. उदाहरणं तर चालवूनच बघावीत. पायथनमध्ये त्यासाठी 'डॉकटेस्ट' आहे.

लिंकचा घोळ आणखी चोरटा. पायथनचं डॉक्युमेंटेशन 'स्फिंक्स' या साधनाने तयार होतं. एखाद्या पानावर मॉड्यूलचा संदर्भ जुन्याच नावाने राहिला, तर स्फिंक्स एरवी गप्प बसतं: शब्द छापला जातो, फक्त त्याची लिंक होत नाही. तक्रार हवी असेल तर 'निटपिकी' मोड मुद्दाम चालू करावा लागतो. नाव बदलल्यावर तो एकदा तरी चालवाच.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान होतं ते जुनं नाव पुसून टाकल्याने. मदत शोधणाऱ्याच्या हातात बहुतेकदा जुनंच नाव असतं, एरर मेसेजमधलं किंवा कुणीतरी मागे ठेवून गेलेल्या कोडमधलं. पायथन 2.7 च्या डॉक्युमेंटेशनने हे नीट सांभाळलं. जुन्या 'क्यू'च्या पानावर वरच टीप होती: पायथन 3 मध्ये या मॉड्यूलचं नाव बदललं आहे, नवं नाव हे.

नुसती जागा बदलली तरी हीच गरज पडते. 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधले 'मॅपिंग'सारखे क्लास 2012 मध्ये, पायथन 3.3 पासून, 'कलेक्शन्स डॉट एबीसी'मध्ये गेले. जुनी वाट बंद झाली ती थेट 2021 मध्ये, 3.10 आलं तेव्हा. तोवर जुन्या पद्धतीने लिहिलेला कोड चालतच होता. तो 3.10 वर अडला की प्रोग्रामर 'कलेक्शन्स'चंच पान उघडणार, आणि 'मॅपिंग' कुठे गेलं हे त्याला तिथेच लिहिलेलं सापडायला हवं.